लग्नात काय नेसू? नवरीला वारंवार पडणारे प्रश्न आणि साडी नेसवणाऱ्या बाईची उत्तरं

मी पुण्यात नवऱ्या मुलींना साड्या नेसवते. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी काम सुरू होतं, ते रिसेप्शनच्या स्टेजपर्यंत. लग्नाच्या दोन-तीन महिने आधीपासून फोन यायला लागतात, बहुतेक रात्री अकरानंतर, आणि शंका त्याच त्या असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. वयाने मोठी आहे, त्यामुळे अगंतुगं करते, राग मानू नये.

मी ‘पेअर शेप’ आहे असं मोबाइलवरच्या एका तक्त्यात दिसलं. मग मला कोणती साडी शोभेल?

ते पेअर, ॲपल, अवरग्लास वगैरे तक्ते शिवलेल्या गाऊनसाठी केलेले आहेत. गाऊन एकदा कापला की त्याचा आकार ठरला, आता अंगाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. साडी म्हणजे साडेपाच मीटरचं सरळ कापड. तिला आकार येतो तो अंगावर आल्यावर. एकच साडी दोन बायकांनी नेसवली तर तीच मुलगी दोन वेगळ्या चणीची दिसते, हे मी शंभरदा पाहिलंय.

त्यामुळे फळ कोणतं ते राहू दे बाजूला. दुकानात तीन गोष्टी बघ: कापड पडतं कसं, काठ किती रुंद आहे आणि ब्लाउज अंगात कसा बसणार आहे. खांद्यावर टाकल्यावर जे कापड पाण्यासारखं खाली सरकतं ते मऊ रेशीम. नितंब भरलेले असतील तर हेच घे. जे टाकल्यावर तंबूसारखं उभं राहतं (टिश्यू, ऑरगॅन्झा, कडक जरीचं ब्रोकेड) ते असेल तिथे आणखी दोन इंच वाढवतं. एवढं कळलं तरी निम्मी खरेदी झाली.

माझी उंची पाच फूट आहे. मोठ्या काठाची साडी चालेल का?

चालेल की नाही हे काठापेक्षा पन्ह्यावर, म्हणजे साडीच्या रुंदीवर, जास्त ठरतं, आणि पन्ह्याबद्दल कुणी विचारतच नाही.

साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४७ इंच असतो. पाच फुटाच्या मुलीचं बेंबीखालून जमिनीपर्यंतचं अंतर ३६ इंचांच्या आसपास भरतं. खोचायला तीन इंच धर. म्हणजे लागले ३९ आणि उरले सहा ते आठ इंच. हे उरलेलं कापड जातं कुठे? कमरेवर, दुमडून, आत. रेशमाचा तो सहा-आठ इंची घडा पोटावर बसतो आणि मुलगी म्हणते, “मी साडीत जाड दिसते.” जाडी तिची नसते, कापडाची असते.

यावर उपाय असा: नेसण्याआधी साडीची वरची कड सगळीकडे सारखी आत दुमडायची आणि इस्त्री करून घ्यायची. फक्त पदराचा भाग सोडायचा, तिथे पूर्ण पन्हा हवा. म्हणजे कमरेवर गोळा न होता कापड सपाट बसतं. इस्त्री रेशमाच्या आचेवर, वर सुती कापड टाकून.

आता काठाचं. सहा-सात इंचांचा काठ बुटक्या मुलीच्या पायापासून सुरू होतो तो पोटरीपर्यंत वर येतो. त्यात काठाचा रंग साडीच्या अंगापेक्षा अगदी वेगळा असला की उंचीचे सरळ दोन तुकडे दिसतात. दोन ते साडेतीन इंचांचा नारळी काठ घेतलास तर पैठणीपण जराही कमी होत नाही. मोठाच काठ हवा असेल, कारण आजीला तोच आवडतो, तर काठ आणि अंग एकाच रंगाच्या घरातले निवड: जांभळ्यावर वांगी, राणी रंगावर डाळिंबी. ब्लाउजही त्याच घरातला. नजर कुठे अडखळली नाही की उंची आपोआप लांबते.

आणि मी पाच फूट आठ इंच आहे. माझं काय?

तुझी अडचण उलटी. बेंबीखालून जमिनीपर्यंत ४१ इंच, खोचायला तीन, झाले ४४. त्यात रिसेप्शनला तीन इंचांची टाच घातलीस तर ४७ इंच लागतात, आणि हातमागाच्या कितीतरी साड्यांना तेवढा पन्हा नसतो. मग साडी घोट्यावर येते आणि उसनी आणल्यासारखी दिसते. दुकानात टेप मागून घे आणि पन्हा मोज, लाजू नकोस. बाकी मोठे काठ, विरोधी रंग, अंगभर बुट्टे, जे बुटक्या मुलींना जपून वापरावं लागतं ते सगळं तुला मोकळं आहे.

पोट सुटलेलं आहे. साडीत लपेल का?

उभी असताना लपेल, पण आपल्या लग्नात नवरी उभी असते किती वेळ? मंगलाष्टकं, सप्तपदी आणि फोटो, बस. बाकी गौरीहरापासून होमापर्यंत तू पाटावर मांडी घालून बसलेली असतेस, आणि फोटोग्राफर नेमका समोर, खाली बसून फोटो काढत असतो. म्हणून आरशासमोर उभी राहून साडी पसंत करू नकोस. ट्रायलला नेसल्यावर जमिनीवर मांडी घालून बस आणि मैत्रिणीला समोरून फोटो काढायला सांग. जे दिसेल ते खरं.

बसल्यावर पोट दिसतं ते तीन कारणांनी. पहिलं, परकराची नाडी. ती जितकी आवळशील तितका वर वळा येतो. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून घे. दुसरं, निऱ्यांचा गठ्ठा. सगळ्या निऱ्या एकाच जागी खोचल्या की तिथे उंचवटा होतो. त्या किंचित पसरून, बेंबीच्या थोड्या डावीकडे खोचायच्या आणि आतून एक पिन. तिसरं, पदर. चुण्या करून पिन केलेल्या पदराने पोट उघडं पडतं. पदराच्या खालच्या दोन-तीन चुण्या मोकळ्या सोडल्या तर तो पोटावरून तिरका येतो आणि काम होतं.

घट्ट शेपवेअरबद्दल माझं मत चांगलं नाही. नवरीचा बहुधा उपास असतो, होमाचा धूर असतो, मे महिन्याचं कार्यालय असतं. रात्रीच्या दोन तासांच्या रिसेप्शनला घाल हवं तर. सकाळच्या विधींना नको.

जाड मुलींना नऊवारी शोभते का?

शोभते, आणि सहावारीपेक्षा जास्त शोभते असं माझं ठाम मत आहे. सहावारीत नितंबांवरून कापडाचे वेढे जातात आणि सगळा घेर एकाच नळीत कोंबला जातो. नऊवारीत काष्टा मागे खोचला की दोन पाय वेगळे होतात, चाल मोकळी होते आणि बघणाऱ्याची नजर घेरावर न थांबता पायांवरून खाली जाते. आपल्या पणज्या काही सगळ्या शेलाट्या नव्हत्या. लुगडं नेसून शेतात राबत होत्या आणि रुबाबदारही दिसत होत्या.

पण दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली लांबीची. ९ वार म्हणजे ८.२ मीटर. नऊवारी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही साड्या प्रत्यक्षात आठ-साडेआठ वारच भरतात. सडपातळ मुलीला ते कळत नाही. भरलेल्या अंगाच्या मुलीला ऐनवेळी कळतं, जेव्हा पदर कमरेपर्यंतही पोचत नाही. घेताना मोजून घे. दुसरी ओच्याची. ब्राह्मणी नेसणीत पुढे पोटाशी ओचा, म्हणजे खोचलेला निऱ्यांचा घोळ, येतो आणि पोट मोठं असेल तर तो त्यावर ओझं टाकतो. नेसवणारीला ओचा लहान, चपटा काढायला सांग. पेशवाई नेसणीच्या नावाखाली आज जे नेसवतात त्यात पुढच्या निऱ्या सरळ खाली सोडतात, तेही बरं दिसतं.

आत सुती सायकलिंग शॉर्ट्स घालायच्या, मांड्या घासल्या जात नाहीत. हे कुणी आधी सांगत नाही आणि संध्याकाळी मुली रडकुंडीला येतात.

शिवलेली नऊवारी घेऊ की नेसायची?

घाईचं लग्न, नेसवणारी नाही, मुलगी कधी साडी नेसलेली नाही, तर शिवलेली घे, काही बिघडत नाही. पण शिवलेली म्हटली की पुन्हा गाऊनचंच गणित: कंबर, सीट आणि उंचीच्या मापात ती अडकली. भाड्याची असेल तर आणखी कठीण, कारण ती ‘सगळ्यांना होईल’ अशी शिवलेली असते. काष्टा मागे लोंबतो तो याच कारणाने. स्वतःच्या मापाने शिवणार असशील तर सीटचं माप उभ्याने न देता बसून दे.

आईची किंवा आजीची चांगली पैठणी मात्र कात्री लावून शिवू नका. हात जोडते.

कमरेत ४० आहे. सहावारीला निऱ्याच पडत नाहीत, असं का?

हा साधा हिशेब आहे. सहावारी साडेपाच मीटरची. ४५ इंचांच्या नितंबांभोवती दोन वेढे घेतले की जवळजवळ सव्वादोन मीटर गेले. पदराला दोन मीटर. उरला सव्वा मीटर. पाच इंचांच्या एका निरीला दहा इंच कापड जातं, म्हणजे कशाबशा पाच निऱ्या. ३६ इंचांच्या मुलीला याच साडीत दोन जास्त मिळतात. निऱ्या कमी पडल्या की साडी पुढून घट्ट ओढल्यासारखी दिसते आणि पाऊल टाकता येत नाही. यावर दोन उपाय: निरी साडेचार इंचांची घ्यायची आणि पदर गुडघ्यापर्यंतच ठेवायचा. शिवाय साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस कापायचा नाही. ती ऐंशी सेंटिमीटर साडीतच राहू दे, पहिल्या वेढ्यात आत जाते, कुणाला दिसत नाही. ब्लाउज वेगळ्या कापडाचा शिव, खणाचा शिवलास तर उलट खुलून दिसेल.

मी फार बारीक आहे, साडी हँगरवर टांगल्यासारखी दिसते.

वर ज्या ज्या कापडांना नको म्हटलं ती सगळी तुझी. टिश्यू, कडक जरीचा बनारसी शालू, रुंद काठाची पैठणी, अंगभर मुनिया किंवा असावलीचे वेल. पदर चुण्यांचा करून खांद्यावर नीट रुंद बसव. ब्लाउजला कोपरापर्यंत बाही आणि बंद किंवा लहान गळा. नऊवारीत ओचा चांगला भरदार काढ, शेलाही दोन्ही खांद्यांवरून घे. वजनाचं मात्र बघ: नऊवारी पैठणी किलोभराच्या पुढे जाते, वर दागिने. आधी घरात तासभर नेसून वावर.

दंड जाड आहेत. ब्लाउजची बाही कशी ठेवू?

बाही दंडाच्या सगळ्यात रुंद भागावर संपली की तिथेच रेघ मारल्यासारखं होतं. त्याच्या वर किंवा खाली संपव. आपल्याकडची जुनी कोपरापर्यंतची, काठ लावलेली बाही बहुतेक सगळ्यांना चांगली दिसते. बाहीवर वाकी घालणार असशील तर ती खरंच चढते का ते आधी बघ. दंडावर रुतलेली वाकी आणि तिच्या वरखाली आलेलं मांस फोटोत लपत नाही. धाग्याने बांधायचे बाजूबंद सोयीचे.

पण बाहीपेक्षा महत्त्वाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती बगलेची गोलाई. तो खाली उतरलेला असला की हात वर होत नाही, आणि नवऱ्याचे मित्र त्याला हमखास उचलून धरतात. हार घालायला हात वर केला आणि बगलेत टर्रकन उसवलं, हे एका लग्नात माझ्या डोळ्यांसमोर झालंय. शिंप्याकडे ट्रायलला तीन गोष्टी कर: हार घालायला करतात तसे दोन्ही हात वर, नमस्काराला वाकतात तशी वाक आणि मांडी घालून बस. तिन्हीत ब्लाउज जागचा हलला नाही तर पैसे दे.

छाती भरलेली असेल तर प्रिन्सेस कट, पुढे हुक, अस्तर सुती, पॅड नकोत. छाती लहान असेल तर कटोरी आणि पॅड दोन्ही चालतील. पाठ फार उघडी ठेवणार असशील तर होमाला तुझ्या मागे सगळी वडीलधारी मंडळी बसलेली असतात, एवढं लक्षात ठेव. माझा आक्षेप नाही, पण मुली नंतर दिवसभर पदर मागे ओढत बसतात.

लग्नापर्यंत पाच-सहा किलो कमी करणार आहे. ब्लाउज लहान मापाचा शिवू?

नको. आज जे अंग आहे त्याच्या मापाचा शिव आणि शिलाईत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांग. कमी झालीस तर शेवटच्या आठवड्यात टीप आत घेता येते. लहान शिवलेला ब्लाउज मात्र मोठा होत नाही. आणि केळवणं विसरलीस का? लग्नाआधीच्या महिन्यात वजन कमी झालेली मुलगी मी अजून पाहायची आहे.

काळ्या रंगात बारीक दिसतं, पण लग्नात काळं कसं नेसायचं?

चंद्रकळा संक्रांतीला नेस. लग्नात काळ्याचं काम गडद रंग करतात: वांगी, मोरपंखी, बाटली हिरवा, गडद कुंकवाचा. पैठणीच्या धूपछाँव रंगात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे घडीत सावली पडते आणि अंगाचे उंचवटे विरून जातात. सपाट एकरंगी, चमकदार सॅटिनच्या साडीत नेमकं उलटं होतं, प्रत्येक वळ्यावर उजेड पडतो.

पिवळ्याला मात्र इलाज नाही. गौरीहराला मामाची पिवळी साडी नेसायची असते, काही घरांत अष्टपुत्री, आणि फिका पिवळा अंग भरलेलं दाखवतो. मामाला आधीच सांगून ठेव: हळदीसारखा दाट पिवळा, लाल किंवा हिरवा बारीक काठ, आणि कडक खळीची नको. मामा ऐकतात. माम्या कधीकधी ऐकत नाहीत.

सेमी पैठणी अंगावर वेगळी बसते का?

बसते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे गुंफून वळवलेला असतो. मागे लोंबते धागे नसतात. यंत्रमागाच्या सेमीत बहुधा मागे धागे आडवे पळतात किंवा कापलेले असतात, त्याने पदर कडक होतो आणि चुण्या फुगतात. पण अंगाचं कापड हलकं असतं, दिवसभर वावरायला सोपं. ऐपतीपेक्षा महाग पैठणी घेऊन ब्लाउज कुठेतरी दोनशे रुपयांत शिवायचा, यापेक्षा सेमी घे आणि चांगल्या शिंप्याला पैसे दे. येवल्याच्या विणकरांना माझा हा सल्ला आवडणार नाही, कबूल.

आईची तीस वर्षांपूर्वीची पैठणी नेसायची आहे. माझं अंग आईपेक्षा दुप्पट आहे.

साडीला अंगाचं माप नसतं, हाच तर तिचा मोठेपणा. आईचा ब्लाउज होणार नाही, साडी होईल. फक्त ज्या घडीवर ती वर्षानुवर्षं कपाटात होती तिथे रेशीम विरलं आहे का ते उजेडात धरून बघ. विरलं असेल तर तो भाग आतल्या वेढ्यात जाईल असं नेसवता येतं. निऱ्यांवर ताण येतो तिथे तो नको. होमाला न नेसता संध्याकाळी नेस.

मुलीला शालू तिच्या सासरहून येणार आहे. तो तिला शोभला नाही तर? (हा प्रश्न नेहमी आईचा असतो.)

ताई, तुम्ही आत्ताच फोन करा. “आमची मुलगी उंचीला जरा कमी आहे, काठ लहान बघाल का” एवढं बोलण्यात काही कमीपणा नाही. त्याहून सोपं म्हणजे दोन्हीकडच्या बायका एकाच दिवशी लक्ष्मी रोडला किंवा दादरला जा आणि मुलीला सोबत न्या. शालू आधीच आला असेल आणि जड असेल तर पदराला मागून बारीक जाळी लावून घ्या, नाहीतर बांगड्यांत धागे अडकतात. बाकी नेसवणारीवर सोडा.

मान आखूड आहे, दागिने कसे घालू?

चिंचपेटी किंवा तन्मणी यांतलं काहीतरी एकच, आणि तेही गळ्याला भिडून नको. ठुशी गळ्याच्या खोबणीत बसते, ती चालते. तिच्याखाली लांब मोहनमाळ किंवा पोहेहार, मध्ये मोकळी जागा. शेला गळ्याशी गोळा करून घेऊ नकोस, खांद्याच्या टोकावर ठेव. केसांचा खोपा मानेवर न बसवता थोडा वर बांधायला सांग.

कंबरपट्ट्याचं राहिलं. कंबर लांब असेल तर शोभतो. छाती आणि कमरेत अंतर कमी असेल तर तो मुलीला मधोमध कापतो. मग नऊवारीवर नुसता छल्ला खोच.

टाचांचे सँडल घालून साडी नेसायची की अनवाणी?

विधींच्या साड्या अनवाणी नेस, कारण मांडवात चप्पल नसते. टाचेवर नेसलेली साडी मांडवात तीन इंच जमिनीवर लोळते आणि सप्तपदीला पायात येते. नवरा पुढे चाललेला असतो, उपरण्याची गाठ शेल्याला बांधलेली असते, अडखळलीस तर दोघं जाल. रिसेप्शनची साडी मात्र सँडल घालूनच नेस, आणि तेच सँडल ट्रायललाही आण.

पिना किती लागतात?

सहावारीला आठ-दहा, नऊवारीला पंधरा. बारीक, न गंजलेल्या, आणि रेशमाला लावताना मागे कापडाचा लहान तुकडा किंवा मोती, म्हणजे साडी फाटत नाही. मी लावताना मोजते आणि आकडा नवरीच्या बहिणीला सांगून ठेवते. रात्री साडी सोडताना तेवढ्याच निघाल्या पाहिजेत.